कॉम्प्युटरची अंघोळ

ओतूर,
दि. ८ ऑक्टोबर २००४

मोहिनी,

जय जिनेंद्र. 'प्रिय' लिहायला पेन टेकवलं होतं, पण हात पुढे सरकेना. तेव्हा नुसतं नावच राहू दे.

तुझी पत्रिका परवा मिळाली. इकडे सगळे खुशाल आहेत. सासूबाईंचे गुडघे यंदा थंडीची वाट न बघताच दुखायला लागलेत. माझी सिद्धी तीन वर्षांची झाली, दिवसभर दुकानात कापडाच्या गठ्ठ्यांवरून उड्या मारते. तुझ्या आईला, कोंडाकाकूंना, माझा नमस्कार सांग. शिनोलीहून तुझ्या डब्यात यायची ती त्यांच्या हातची नाचणीची भाकरी अजून आठवते. माझी पोळी तुला आणि तुझी भाकरी मला, असा आपला रोजचा व्यवहार होता.

घोडेगावात स्वतःचा क्लास काढलास, चार कॉम्प्युटर मांडलेस, खंडेनवमीला उद्घाटन. अभिनंदन. हे मनापासून लिहितेय, कारण शिकायची तुझी जिद्द मी पाहिली आहे. पण पत्रिकेवर प्रमुख पाहुणी म्हणून माझं नाव छापून मोकळी झालीस आणि खाली हातानं लिहिलंस, 'झालं गेलं गंगेला मिळालं, नक्की ये.' बाई गं, गंगेला मिळालं की नाही हे काठावर उभ्या असलेलीनं ठरवायचं नसतं. जी बुडाली तिला विचारायचं असतं. आणि मला न विचारता माझं नाव घेण्याची तुझी ही दुसरी वेळ.

पाच वर्षं झाली. बाळासाहेब सरांचा तो क्लास, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर, चपला जिन्यात काढायच्या, आणि एका कॉम्प्युटरवर दोन मुली. पहिल्या दिवशी तू माऊस हवेत धरलास आणि पडद्यावरचा बाण हलत नाही म्हणून सरांना म्हणालीस, "सर, ह्यो उंदीर मेला वाटतं." मी इतकी हसले की सरांनी मला बाहेर उभं केलं. मग कीबोर्ड बघून तू चिडलीस. "ए बी सी डी कुनी इस्कटून ठेवली गं?" आठवडाभर आपण एकेका बोटानं अक्षरं शोधत होतो, तांदळातले खडे शोधावेत तशी.

दादाजींच्या दुकानातल्या साडीच्या खोक्याचे दोन पुठ्ठे कापून मी त्यांवर कीबोर्ड काढला. एक तुला, एक मला. घरी त्यावर बोटं फिरवायची. तू माझं नाव लिहायचंस, मी तुझं. दोघींच्या नावांत इंग्रजी अक्षरं सहा-सहाच, म्हणून तो खेळ जमला होता. कुणाचं आधी होतं ते दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये बघायचो. बहुतेकदा तूच जिंकायचीस.

मला घराबाहेर पडायला मिळायचे ते एवढे दोनच तास. दादाजींनी परवानगी दिली तेव्हा आमच्या घरात चार दिवस कुणी नीट जेवलं नव्हतं. हे तुला ठाऊक होतं.

मग ती खंडेनवमी. सरांनी झेंडूचे हार आणले होते आणि आपल्या दोघींना लवकर बोलावून मांडामांड करायला सांगितलं होतं. तुमच्याकडे नांगर, कोयता, विळा आधी धुतात, मग हळदकुंकू वाहतात. तू मला म्हणालीस, "हत्यार धुतल्याबिगर पूजा व्हती का?" आणि कीबोर्ड काढून मोरीत नेलास. स्वच्छ धुतलास, पदरानं पुसलास. मग फडकं तांब्यात बुडवून खालचा डबा, वरचा पडदा, मागची भोकं, सगळं निगुतीनं न्हाऊ घातलंस. तोंडानं कसलीशी आरती चालू होती.

इथे एक गोष्ट कबूल करते, आजवर कुणाला सांगितलेली नाही. पुस्तकाच्या पहिल्याच धड्यात होतं, यंत्र पाण्यापासून लांब ठेवा. मी वाचलं होतं. मी तुला थांबवायला हवं होतं. पण मला हसू येत होतं, वाटलं, सर ओरडतील आणि पुढे वर्षभर तुला चिडवायला मिळेल. एवढा दोष माझा आहे आणि तो मी तुझ्यावर टाकत नाही.

सरांनी बटण दाबलं, फट् आवाज झाला, जळका वास सुटला. क्लासमधला सगळ्यात नवा कॉम्प्युटर गेला.

मी स्वतःला सांगत आले की मोहिनी तेव्हा गप्प बसली. मैत्रीण घाबरली, गप्प बसली, एवढंच. पण ते खरं नाही. आज लिहूनच टाकते. सरांनी विचारलं, "कुणी केलं हे?" आणि तू माझ्याकडे बोट दाखवून म्हणालीस, "डिंपलनी." तुझा पदर तेव्हाही ओला होता.

जिन्यात मी तुझा हात धरला, तर तू म्हणालीस, "तुझं निभावतंय गं. माझं न्हाई निभावनार. मला काढलं तर परत कोन घील?" मला ते पटलंसुद्धा. वाटलं, दोन दिवसांनी धीर आला की तू स्वतःच सरांना सांगशील. म्हणून मी गप्प राहिले. आठ दिवस खिडकीत बसून तुझी वाट पाहिली, मोहिनी. तुझी एसटी रोज आमच्या दारावरून जायची. तू खिडकीशी बसायचीस आणि आमच्या घराकडे पाठ करायचीस.

दादाजी रागावले नाहीत. हसून एवढंच म्हणाले, "पोरी, झालं तुझं शिकणं." माघात माझी सोयरीक ठरली. तू त्याच क्लासमध्ये परीक्षा दिलीस, पुढे तिथेच शिकवायला लागलीस. माझं निभावलं, असं तुला वाटत असेल.

कसं निभावलं ते ऐक. लग्नात दादाजींनी कौतुकानं सगळ्या व्याह्यांना तो किस्सा सांगितला, 'आमच्या डिंपलनं कॉम्प्युटरला अंघोळ घातली!' तेव्हापासून तीच माझी ओळख. यंदा दुकानात कॉम्प्युटर आला. मी जवळ गेले की माझे दीर ओरडतात, "भाभी, तांब्या लांब ठेवा!" माझे यजमान कल्पेश स्वभावानं चांगले आहेत, पण तेही हसतात. मला हातात कोरडं फडकं मिळतं, धूळ पुसायला. दादाजी वैशाखात गेले. जाताना त्यांच्या मनात मी तशीच वेंधळी राहिले, आणि ते आता कुणालाच दुरुस्त करता येणार नाही. याबद्दल मला तुझा राग आहे. फार राग आहे.

मागच्या गुरुवारी दुपारी सगळे प्रवचनाला गेले होते, मागे मी आणि सिद्धी दोघीच. मी दुकानाचं दार लोटून कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर बसले. पाच वर्षांत एकदाही कीबोर्डला बोट लावलं नव्हतं. पण पुठ्ठा कपाटात साड्यांखाली आहे, आणि बोटांनी अक्षरं न शोधता लिहिली. काय लिहिलं बघायला मान वर केली, तर पडद्यावर तुझं नाव. सवयच ती. मी सहा वेळा बटण दाबून ते पुसलं, आणि मग सिद्धीला कळू नये म्हणून तोंड फिरवून रडले.

उद्घाटनाला मी येणार नाही. पत्रिकेवरचं माझं नाव खोडायचं की ठेवायचं, ते तू बघ.

पण तुला यायचं असेल तर दिवाळीच्या आत कधीही इकडे ये. कापडाचं दुकान विचारलंस की कुणीही दाखवेल. सासरे, दीर, कल्पेश सगळे समोर असतील. मी चहा करीन, तुला नाचणीची भाकरी करून वाढीन. तू एवढंच म्हण, "मी धुतला होता." भरपाई नको, रडारड नको, माफी तर मुळीच नको. तेवढे तीन शब्द बोललीस की मी तुझ्यासमोर त्या खुर्चीवर बसेन, आणि माझं शिकणं जिथे तुटलं त्या पाचव्या धड्यापासून तू मला शिकवायचंस.

नाही आलीस तर पुन्हा कधी पत्र पाठवू नकोस.

जिच्याकडे तू बोट दाखवलंस ती,
डिंपल