कानात चहाची काडी

१४ नोव्हेंबर १९८४, बुधवार

आज आमच्या इंग्रजी-चिनी शब्दकोशातला 'पिअर्स' (pierce) हा शब्द माझ्या वाट्याला आला आणि दुपारपर्यंत मी त्याच्या प्रेमात पडले! सेहेचाळीसाव्या वर्षी छंगदूमध्ये दुसरं कोणी मिळतही नाही म्हणा.

काय निर्लज्ज शब्द आहे! इंग्रज माणूस एवढ्या एका शब्दाने कान टोचतो, शत्रूची फळी भेदतो, थंडी हाडांत घुसवतो, किंकाळीने काळीज चिरतो, आणि वर कुणाकडे रोखूनही बघतो. आमच्या चिनी भाषेत प्रत्येक भोकाला वेगळं क्रियापद. सुईचं निराळं, भाल्याचं निराळं, वाऱ्याचं तर त्याहून निराळं. आमच्या विद्यार्थ्यांना हे उमजावं कसं? उदाहरणांनी. मी तीन लिहिली — एक सैन्याचं, एक वाऱ्याचं आणि एक घरगुती: 'तिने कान टोचून घेतले.' हे तिसरं हवंच. कारण आमची पोरं इंग्रजीत हमखास असं लिहितात की वाचणाऱ्याला वाटावं, बाईने आपल्याच हाताने आपला कान भोसकला.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

लाओ छ्यूंनी कान उडवला!

लाओ छ्यू म्हणजे आमच्या कोशाचे प्रमुख. सज्जन माणूस, पण त्यांच्या हाती दिलं तर शब्दकोशात फक्त सैन्य आणि हवामान उरेल.

"लाओ यान," ते मला म्हणाले, "सैन्याचं वाक्य उत्तम. वाऱ्याचंही छान. कानाचं कशाला?"

"लोक कान टोचतात म्हणून."

"कोण टोचतं? या खोलीत एक कान दाखवा!"

सगळे एकमेकांच्या कानांकडे बघायला लागले. असं दृश्य आमच्या विभागात पूर्वी दिसलेलं नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या एकट्या फू लिनने केस मागे सारले, पण तिची भोकं कधीच बुजलेली.

"रस्त्यावरच्या पोरी लोंबते डूल घालून फिरतात की," मी म्हटलं.

"ते चिमट्याचे!" लाओ छ्यू.

आमच्याकडे नियम आहे: उदाहरणातली गोष्ट बैठकीतल्या कुणीतरी 'मी पाहिलीय' असं म्हणायला हवं. मागच्या आवृत्तीत कोंबड्या नदी पोहून गेल्या होत्या, तेव्हापासूनचा नियम. पुढच्या शनिवारच्या बैठकीत निकाल. कुणी पाहिलं नाही, तर वाक्य बाद.

"शनिवारी माझेच बघा!" असं मी सगळ्यांदेखत बोलून बसले. जीभ माझी, कानही माझे. सुईची भीती मात्र कुणाला सांगितलेली नाही.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

आईला सांगितलं. ती लसूण सोलत होती. लसूण मांडीवरून घरंगळला, तरी तिचं हसू थांबेना.

"चाळीस वर्षं! चाळीस वर्षं सुई घेऊन बसलेय मी या मुलीसाठी!"

सहा वर्षांची होते तेव्हा सुई पाहून मी पळाले आणि पाण्याच्या रिकाम्या रांजणात जाऊन बसले. गावभर शोध. संध्याकाळी भूक लागली तेव्हा रांजणातूनच ओरडले म्हणे — 'जेवण इथेच द्या.' पुढे दागिना म्हणजे गुन्हा असे दिवस आले, कानात काही चमकलं तर माणसाची चौकशी व्हायची. राहून गेलं ते गेलंच.

हे सांगता सांगता आई उठली, लोणच्याच्या बरणीत कोपरापर्यंत हात घातला आणि आंबवलेल्या मोहरीच्या पाल्याखालून मेणकापडाची पुडी काढली. आत सोन्याच्या बाळ्या! आजीच्या. आमच्याकडे नातीच्या कानातलं आजोळहून येतं, ते हे.

"बरणीत?"

"तेव्हा घराची झडती घ्यायला यायचे ना, ते लोणच्यात हात घालत नाहीत. वास येतो त्यांना."

म्हणजे गेली अठरा वर्षं मी सोन्याचं लोणचं खातेय! रंग काही उजळला नाही.

१८ नोव्हेंबर, रविवार

टोचले! टोचले! टोचले!

जमेल तेवढं सगळं नीट लिहिते. आईने दोन तिरफळं घेतली, एक पाळीच्या पुढून, एक मागून, आणि चोळत बसली. चोळता चोळता पाळी कागदासारखी पातळ आणि पार बधिर. सुईत लाल दोरा मला ओवायला लावला. "तुझं काम, तू ओव."

"खिडकीशी बसू?"

"कुठेही बस. आणि डोळे मीट."

"तू आधी वीस वेळा तरी केलंयस ना हे?"

"बहिणींचे केलेत, भाच्यांचे केलेत, एका शेळीचाही केलाय. शेळी तुझ्याइतकी बोलत नव्हती."

आणि मग मी जी किंकाळी फोडली! फोडता फोडताच मनात आलं — अरे, हाही त्याच शब्दाचा अर्थ. एकाच सुईत दोन अर्थ मिळाले! दुसऱ्या कानाला आवाजही निघाला नाही. दोरा काढून आईने दोन्ही भोकांत चहाची एकेक काडी घातली. भोक बुजू नये म्हणून.

आरशात बघतेय. कान शेंदरी, काड्या हिरव्या. लाल मुळ्याची जुडी दिसतेय मी. पण काय सांगू, नाचावंसं वाटतंय.

२० नोव्हेंबर, मंगळवार

वाटेतल्या प्रत्येक दुकानाच्या काचेत पाहिलं. सायकल एकदा भाजीच्या हातगाडीवर गेली. भाजीवालीने माझ्या आईबापांचा उद्धार केला, मी हसून आभार मानले.

२१ नोव्हेंबर, बुधवार

घात झाला! कचेरीत चहाच्या गरम पाण्याच्या रांगेत लाओ छ्यू माझ्या मागे. एकदम वडीलधाऱ्या मायेने म्हणाले, "लाओ यान, चहाची काडी लागलीय हो," आणि दोन बोटांनी अलगद ओढून काढली. डाव्या कानातली.

मी अशी किंचाळले की तिन्ही मजल्यांची दारं उघडली. फू लिन धावत आली, काय झालं ते कळलं तशी भिंतीला धरून हसत सुटली. बिचारे लाओ छ्यू ती काडी हातात धरून उभे. परत घालायचाही प्रयत्न केला त्यांनी!

२२ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळपर्यंत डावं भोक चिकटलं. संध्याकाळी आईने पुन्हा टोचलं. आणि या वेळी वर! मुगाच्या दाण्याएवढं वर!

"आई, हे काय? एक कान छंगदूत आणि एक ल्हासात!"

"दिव्याचा उजेड कमी होता."

"मग चष्मा घालायचास!"

"टोचतात हातांनी. हातांना चष्मा लागत नाही."

रात्री जेवताना चार वेळा ऐकवलं तिला. एरवी माझ्या एका वाक्याला तिची तीन असतात, आज मात्र नुसतं लोणचं वाढत राहिली.

२४ नोव्हेंबर, शनिवार

जिंकले!

आईच्या हट्टाने काड्या काढून बाळ्या घातल्या. "सोन्याने चिघळत नाही," म्हणाली. मोहरीच्या पाल्याचा मंद वास सोडत मी बैठकीला गेले. 'पिअर्स' आला. लाओ छ्यूंनी चष्मा पुसला, उभे राहिले.

"तिसरं उदाहरण. मी स्वतः पाहिलंय," म्हणाले. खोकले. "नुसतं पाहिलेलं नाही, बिघडवलेलंही आहे. घ्या."

टाळ्या! कोशाच्या बैठकीत टाळ्या!

बाहेर पडताना हळूच विचारलं त्यांनी, "थोडे वरखाली आहेत का हो?"

"तुम्ही कोशातल्या ओळी सरळ ठेवा," मी म्हटलं, "माझ्या कानांचं मी बघते."

घरी पळत आले. "आई, बघ! बघ ना!" तिने दोन्ही पाळ्या हातात घेतल्या, अंगठ्याने बाळ्या चाचपल्या, हलवून त्यांची किणकिण ऐकली. "छान दिसतात," म्हणाली. "आजीसारखी दिसतेस." मी म्हटलं, आजीचे कान तरी एका रेषेत होते! आणि पोट धरून हसले.

मग फू लिन भाजलेला ससा घेऊन आली. तिघींनी बोटं चाटत खाल्ला. मला वाटतं इतकी खूश मी लग्नातसुद्धा नव्हते. लग्नात तर नव्हतेच.

१ डिसेंबर, शनिवार

कचेरीच्या दवाखान्यात डोळ्यांची तपासणी होती. फू लिन तिच्या आईला नेत होती, म्हणून मीही माझ्या आईला नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन वर्षं तरी यांना नुसता उजेड आणि अंधार कळत असणार. शस्त्रक्रिया वसंतात.

मी माझे दोन्ही कान धरून बाकावर बसले.

"सांगितलं असतं," आई म्हणाली, "तर पुन्हा रांजणात शिरली असतीस."