ठोकळा, विरजण आणि एकोणीस तारीख

२ जानेवारी, गुरुवार

बंद पडला! सराव परीक्षा सुरू होऊन चाळीस मिनिटं झाली होती, गिरिजा बासष्टाव्या प्रश्नावर होती आणि आमचा ठोकळा कॉम्प्युटर एकदम गप्प. ना आवाज, ना इशारा — पडदा काळाठिक्कर. मी बाहेर मटार सोलत होते. आत गेले तर पोरगी हात मांडीवर ठेवून शांत बसलेली. मीच ओरडले. ती म्हणाली, "जाऊ दे ना आत्या. चहा करू?" समजूतदार आहे बिचारी. मी असते तर त्या डब्याला लाथ घातली असती.

सतरा दिवस राहिलेत. एकोणीसला संस्थेची खरी प्रवेश परीक्षा, घरूनच द्यायची, कॅमेऱ्यासमोर. पास झाली तर वर्षभर संस्थेत राहून यूपीएससीचा अभ्यास, राहणं-जेवण सगळं त्यांचंच. नाही झाली तर दादाने फोनवर सांगून टाकलंय — "कल्पना, दोन वर्षं खूप झाली. या खेपेला नाही तर तिला म्हणावं, बॅग भर." आणि परभणीला एक स्थळ तयारच आहे. माझा भाऊ! एकदा बोलला की बोलला. त्याच्यापुढे मी चोपन्नाव्या वर्षीही मान डोलवते.

तिचा लॅपटॉप असता तर प्रश्नच नव्हता. त्यावर डिसेंबरात चहा सांडला. माझ्या नवऱ्याने. शंकररावांनी. नोंद असावी. त्यांचा स्वतःचा लॅपटॉप मंत्रालयाचा, त्यात घरचं काही चालत नाही. मोबाइलवर परीक्षा घेत नाहीत. राहिला हा आमचा बारा वर्षांचा ठोकळा.

दिवसभरात एकच गोष्ट धड झाली — दही लागलं! या थंडीत अकरा दिवस माझं दही म्हणजे आंबट दूध होत होतं. शंकरराव म्हणाले होते, "तीस वर्षं दिल्लीत राहून तुला हिवाळ्यात दही लावता येत नाही?" आज सकाळी युक्ती सुचली. टेबलाखाली जो ठोकळा उभा असतो ना, त्याच्या वरच्या जाळीतून छान ऊन ऊन हवा येते. नऊ वाजता पातेली शंकररावांच्या मरून मफलरमध्ये गुंडाळून तिथे ठेवली. संध्याकाळी बघते तर सुरीने कापावं असं दही! शंकररावांनी दोन वाट्या चाटूनपुसून खाल्ल्या.

४ जानेवारी, शनिवार

पुन्हा. या वेळी पस्तीस मिनिटं. आज तर बसायच्या आधी मी तिच्या हातावर दही-साखर ठेवली होती, ताज्या दह्याची! तरी बंद.

दही उत्तम.

५ जानेवारी, रविवार

वीज वरखाली होते म्हणून शंकररावांनी नवा स्पाइक गार्ड आणला. लाल बटण आहे. बाकी काही फरक नाही.

७ जानेवारी, मंगळवार

शंकररावांनी फाइल उघडली! खरोखरची, टॅगवाली. वर लिहिलंय — "विषय: घरातील संगणक वारंवार बंद पडणेबाबत." आत तारीख, वेळ, हवामान, व्होल्टेज आणि "त्या वेळी घरात कोण कोण होते." मला विचारलं, काल साडेअकराला तू कुठे होतीस? म्हटलं, स्वयंपाकघरात, नेहमीसारखी, आणि तुम्ही पोलिसात कधी लागलात?

आज गिरिजा तीनला बसली, सव्वातीनला बंद पडला. म्हणजे पंधरा मिनिटंच. रोग वाढतोय.

गिरिजाचं मला कौतुक वाटतं. चिडत नाही, रडत नाही. ठोकळा बंद पडला की उलट चेहरा मोकळा होतो तिचा. मनाची तयारी म्हणतात ती हीच.

८ जानेवारी, बुधवार

मार्केटमधला गुलशन आला होता. कॉम्प्युटरवाला. फोन केला तेव्हा म्हणाला अर्ध्या तासात येतो. धावपळ झाली नुसती! गिरिजाची अंथरुणं आवरली, खुर्चीवरचे कपडे उचलले, पातेली-मफलर स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं, उदबत्ती लावली. परका माणूस येणार म्हटल्यावर घर घरासारखं दिसायला नको का?

गुलशनने ठोकळा उघडला, फुंकर मारली, इतकी धूळ उडाली की मी पुन्हा झाडून काढलं. मग तासभर त्याने त्यावर काय काय चालवून बघितलं. एकदाही बंद पडला नाही! गुलशन म्हणतो, "मैडम जी, सिस्टम तो मक्खन चल रहा है." मी म्हटलं, "भैया, आपके सामने नाटक कर रहा है." दोन कप चहा पिऊन गेला.

तो गेल्यावर पातेली पुन्हा जागेवर ठेवली. चारला बंद पडला. मेला!

९ जानेवारी, गुरुवार

गुलशनला पुन्हा बोलावलं. पुन्हा सगळं आवरलं. पुन्हा मक्खन. या वेळी त्याने माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघितलं. "मैडम जी, आप ठीक हो ना?"

दुपारची परीक्षा वीस मिनिटांत बंद.

११ जानेवारी, शनिवार

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण आणायला सकाळी आठलाच सरोजिनी नगरला गेले. पंचवीस छोट्या चाळण्या. एका दुकानदाराशी इतकी घासाघीस केली की तो शेवटी म्हणाला, "आंटी जी, आप ही बैठ जाओ गल्ले पर." विरजण लावायला वेळच झाला नाही.

संध्याकाळी घरी आले तर शंकरराव दारातच उभे. ठोकळा दिवसभर चालला! गिरिजाची परीक्षा पहिल्यांदा पूर्ण झाली! मी वाण तिथेच टाकलं आणि तिला मिठी मारली. मार्क विचारले तर म्हणाली, "ठीक." जेवली नाही. दमली असणार.

१२ जानेवारी, रविवार

शंकररावांनी फाइलवर शेरा मारला. मला वाचून दाखवला — "उपलब्ध नोंदींवरून असे दिसते की श्रीमती कल्पना घरात नसताना संगणक सुरळीत चालतो."

मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. पण मनात आलंच. माझ्या हातात घड्याळही टिकत नाही, दोन बंद पडलीत. असतं काहींच्या अंगात काही. पोरीचं नुकसान माझ्यामुळे होत असेल तर?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सकाळी पूजा, विरजण, तिळाच्या वड्या सगळं उरकलं आणि परीक्षेच्या आधीच घराबाहेर पडले. लिफ्टच्या बाजूला जिन्यात बसले. शाल, कानटोपी, पायमोजे, मांडीवर वड्यांचा डबा. इतकं धुकं की समोरची इमारत गायब. येणारी-जाणारी विचारत होती, "आंटी, चाबी भूल गए?" सगळ्यांना तिळगूळ दिला. काय सांगणार — माझ्या अंगातून लहरी निघतात म्हणून?

चाळीस मिनिटांनी गिरिजा दार उघडून म्हणाली, "आत्या, ये आत. बंद पडला."

म्हणजे मी निर्दोष! नाक वाहत होतं पण आनंद झाला. शंकररावांना फाइलमध्ये दुरुस्ती करायला लावली.

आनंद रात्रीपर्यंत टिकला नाही. पाच दिवस राहिले आणि आपण होतो तिथेच.

१६ जानेवारी, गुरुवार

हसावं की लाजावं, माहीत नाही.

गुलशन मागच्या खेपेला त्याचा स्क्रूड्रायव्हर विसरला होता. आज न सांगता आला. बेल वाजली, गिरिजाने दार उघडलं आणि तो थेट आत. मला काही उचलायला वेळच मिळाला नाही! तो टेबलाखाली वाकला. मग बराच वेळ वाकलेलाच.

"मैडम जी. ये क्या है?"

"मफलर."

"मफलर के अंदर?"

"दही."

गुलशन खाली फरशीवरच बसला. मग हात जोडले. म्हणाला, "मैडम जी, ये इसकी नाक है. इसी से गरम हवा बाहर आती है. आप रोज इसकी नाक दबा के ऊपर दही जमा रहे हो? दम घुटता है तो बंद हो जाता है बेचारा!"

मी म्हटलं, तुम्ही दोनदा आलात तेव्हा का नाही सांगितलं? म्हणाला, "तब दही था ही नहीं!" खरंच की. पाहुणा येणार म्हणून दर वेळी गुन्हेगाराला मीच लपवत होते.

वाटीभर दही-साखर देऊन त्याची पाठवणी केली. जाताना म्हणाला, "दही कमाल का है, वैसे."

मग मी रडले. पोरीच्या हातावर जे दही शुभ म्हणून ठेवत होते तेच तिच्या मुळावर उठलं होतं. गिरिजा माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. तिने विचारलं, "म्हणजे आत्या, आता काही झालं तरी बंद पडणार नाही?" म्हटलं, "नाही ग, आता कसला पडतोय!" थोड्या वेळाने तिने पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

शंकररावांनी फाइल बंद केली. शेवटचा शेरा — "कारण: दही." खाली सही, तारीख. ऑफिसात सांगितलं तर याद राखा म्हटलंय.

१८ जानेवारी, शनिवार

ठोकळा दिवसभर चालला. गिरिजाने शेवटची सराव परीक्षा पूर्ण दिली. मार्क सांगितले नाहीत, मी विचारलेही नाहीत. संध्याकाळी दादाचा फोन. तो तिला म्हणाला, "उद्या कळेलच काय ते." पोरगी पांढरी पडली. बापाने असं बोलायचं असतं?

विरजण आता तांदळाच्या डब्यात, तांदळात खुपसून. बघू.

१९ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे.

अकराला परीक्षा सुरू झाली. नियम कडक — खोलीत दुसरं माणूस दिसलं, आवाज जरी आला तरी परीक्षा रद्द. मशीन बंद पडलं तरी रद्द. शंकररावांना बाल्कनीत बसवलं, शिंकायचं असेल तर खाली बागेत जाऊन शिंका म्हटलं.

साडेअकराला कढीसाठी दही काढायला तांदळाचा डबा उघडला. पातेली नाही! सगळं स्वयंपाकघर पालथं घातलं. मग काय वाटलं कोण जाणे, खोलीचं दार बोटभर उघडून बघितलं. टेबलाखाली, ठोकळ्याच्या डोक्यावर — मरून मफलर!

म्हटलं, शंकररावच! दह्याच्या लोभाने ठेवलं असणार! पण ओरडायची सोय नाही. आत जायचं तर कॅमेरा. मग पदर खोचला, गुडघ्यांची माफी मागितली आणि पोटावर आडवी झाले. पलंगाच्या आडून, फरशीला नाक लावून, इंच इंच. फरशी बर्फासारखी गार. मध्येच बांगड्या वाजल्या, तशीच थिजून पडले. ठोकळ्याचा पंखा घरघरत होता, नुसता धापा टाकत होता बिचारा. हात लांब करून मफलरचं टोक ओढलं, पातेली तिरकी झाली आणि दह्याचा एक कोमट गोळा थेट माझ्या नाकावर! शिंक आली. गिळली. शिंक गिळता येते हे मला आजच कळलं.

वर बघितलं. गिरिजा नजर पडद्यावरून हलवत नव्हती, पण ओठ घट्ट चावलेला आणि डोळ्यांतून पाणी. पेपर फारच अवघड दिसतोय, असं वाटलं. पातेली पोटाशी धरून तशीच मागे मागे सरपटत बाहेर आले. बाहेर शंकरराव उभे. "काय करतेस?" मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

एक वाजता परीक्षा संपली. ठोकळा शेवटपर्यंत चालला! दोन तास, पूर्ण! गिरिजा बाहेर आली आणि माझ्या गळ्यात पडली.

शंकरराव आईची शपथ घेऊन सांगतात की पातेली त्यांनी ठेवली नाही. मफलर कुणाचा मग?

२० जानेवारी, सोमवार

अबोला. सकाळी फ्रिजवर एक कागद चिकटवलेला — "प्रमाणित करण्यात येते की दिनांक १९ रोजी निम्नस्वाक्षरीकाराने कोणत्याही दह्यास हात लावलेला नाही." खाली सही आणि हुद्दा. काढून टाकला नाही मी. पण विश्वासही ठेवला नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

गिरिजाने मफलर धुऊन, घडी करून आणून दिला. म्हणाली, "आत्या, पातेली मीच ठेवली होती. मशीन बंद पडलं असतं तर बाबांना सांगता आलं असतं की मशीन बंद पडलं, मी नापास झाले नाही." आणि मग, "तू नाकाला दही लावून सरपटत आलीस ना, हसू दाबता दाबता माझी भीतीच गेली. नंतर सगळा पेपर सोडवला."

मफलर कपाटात ठेवला. मग दादाला फोन लावला. म्हटलं, निकाल काहीही येवो, पोरगी माझ्याकडे राहणार आहे, बॅग भरली जाणार नाही. तो म्हणाला, "कल्पना, तू हे मला सांगतेस?" म्हटलं, हो. आणि मी आधी फोन ठेवला.

शंकररावांची माफी मागायची राहिली. आधी कढी करते.