आमच्या पाऱ्यात भूक शून्य टक्के

३ जून
आणि दादाचं पुन्हा तेच. तुमसरहून फोन करून म्हणे, लोकांना जेवले काय विचारत फिरणं, हे काय काम आहे? याले सर्वे म्हणतात, मी सांगितलं. रायपुरात किती उपाशी, किती बेकार, ते माझ्याशिवाय कोणाले कळणार? त्याचं एकच, वीस तारखेपर्यंत चार हजार पाठव, नाही तर येऊन पीठगिरणीवर बस. मी दहा पाठवीन. आठवी फेल असून गळ्यात आयकार्ड आहे माझ्या. सहाशे अ‍ॅडव्हान्सही मिळाला.

५ जून
एका फॉर्मचे तीस रुपये. रोज तीस फॉर्म म्हणजे नऊशे. आज चार झाले. ऊन होतं.

६ जून
युक्ती सापडली. मोबाइलवर प्रश्न येतो, ‘अन्न कमी पडल्यामुळे घरात कोणी जेवण टाळलं काय?’ ‘हो’ दाबलं की आणखी अकरा प्रश्न उघडतात. ‘नाही’ दाबलं की सुटका. बेकारीचंही तसंच. आता मी हसून विचारतो, पोटभर जेवता ना? सगळे म्हणतात, हव. चार मिनिटांत घर खतम.

७ जून
बावीस फॉर्म. समता कॉलनीच्या मागच्या पाऱ्यात (इकडे मोहल्ल्याले पारा म्हणतात) एक दीदी. हव म्हणाली, अन् माझ्या चहासाठी शेजारून साखर मागून आणली. शेजारी साखर आहे, म्हणजे पारा सुखीच. भूक नाही.
नवरा दारात खाटेवर पडून. नियम असा की हप्त्यात एक तास काम केलं तर माणूस बेकार नाही. त्यानं मंगळवारी कोणाचा कूलर माडीवर चढवून दिला होता. पाऊण तास लागला म्हणे. मी जिना उतरायचा वेळ धरून तास पुरा करून दिला. लोकांसाठी एवढं करावं लागते.

१० जून
मोनाली तेलीबांध्याकडचा पारा करते. नागपूरची पोट्टी. दिवसाला फक्त सहा फॉर्म. काल रात्री काय शिजलं होतं, एवढं विचारते अन् गप्प बसून राहते. गप्प बसायचे पैसे मिळत नाहीत, मी समजावलं. तर मलेच विचारते, “तू काय खाल्लं काल?”
मी म्हटलं, ऊन फार आहे.

१३ जून
अ‍ॅडव्हान्स संपला. सकाळी चहा, सांजेले मुरमुरे. याले भूक म्हणत नाहीत. फॉर्मात ‘अन्न कमी पडल्यामुळे’ असं साफ लिहिलं आहे. बाजारात अन्न भरपूर आहे. कमी पैसे आहेत.
सर्वेच्या घरांच्या यादीत माझीही खोली निघाली. भूक नाही, बेकार नाही. दोन मिनिटं. रेकॉर्ड.

१७ जून
अभिनव सरांनी ऑफिसात बोलावलं. सुपरवायझर आहेत. एकशे नव्वद फॉर्म, भूक शून्य, बेकारी शून्य. वाटलं, सर्टिफिकेट देतात. सर म्हणाले, “जहाँ भूख ही नहीं, वहाँ दूसरा राउंड किसलिए?” माझं काम खतम. मोनालीले आणखी दोन महिने.
तीस रुपये फक्त पुऱ्या फॉर्मचे. अकरा प्रश्न न उघडलेल्या फॉर्मले पाच. मी सही केली त्या कागदावर होतं म्हणे. एवढं बारीक काहून छापतात? साडेनऊशेतून अ‍ॅडव्हान्स कापून हातात साडेतीनशे.

१८ जून
पाऱ्यात पाच रुपयांत दुपारचं जेवण सुरू होणार होतं, तेही आमच्याकडे भूक नाही म्हणून तेलीबांध्याकडे गेलं. साखरवाली दीदी रस्त्यात भेटली. “भैया, वो खाना कब से मिलेगा?” मी म्हटलं, तुम्हीच तर हव म्हणाल्या. ती चालू लागली. मीही तिथं जेवायचं ठरवून होतो, ते सांगितलं नाही.

२० जून
मी बेकार नाही. याच हप्त्यात ऑफिसच्या बाकावर दोन तास बसलो, नियमानं ते कामच. दादाचा फोन तीनदा येऊन गेला. तिकिटाले एकशेवीस ठेवले. गिरणीवर बसायले नाही, नुसती पाहायले चाललो. पण वीस तारखेचा शब्द म्हणजे शब्द. मी पोचायच्या आधी पैसे पोचले पाहिजेत. पहिला हप्ता आत्ताच पाठवून राहिलो: रुपये दोनशे तीस.