सुलूची कंबर आणि माझे हात

१ जानेवारी १९८७, गुरुवार
संकल्प. बोरिवलीत गरोदर बायकांसाठी ऑस्टिओपथी केंद्र काढायचं. गोळी नाही, सुई नाही. नुसत्या हातांनी सांधे-स्नायू मोकळे करायचे. डिप्लोमा टपालानं आलाय, फ्रेमला टाकलाय. वर्षअखेर नोकरीला रामराम.
पहिली पेशंट घरचीच. बायको सुलू, सहावा संपत आला, कंबर धरलीय. डोहाळजेवण झालं की सासूबाई तिला दिंडोशीला नेणार. पहिलं बाळंतपण माहेरी, ठीक. पण मी पैज लावलीय, त्याआधी कंबर बरी करतो. झाली तर सुलू इथंच राहणार. सासूबाई बरं म्हणाल्या. हसल्या कशाला, कळलं नाही.

४ जानेवारी, रविवार
टेबल आलं. बंद पडलेल्या लाँड्रीतलं इस्त्रीचं, एकदम मजबूत. बाहेरच्या खोलीतला पलंग काढावा लागला. सुलू स्वयंपाकघरात झोपेल, तिथं हवा चांगली येते.
हमालांनी तीन मजले चढवलं. मी बोट लावलं नाही. डिप्लोमाच्या पुस्तिकेत स्पष्ट छापलंय, उपचारकानं वजन उचलू नये, बोटांची संवेदना जाते. म्हणून तर डिप्लोमाला बसल्यापासून पहाटेचं पाणी सुलू आणते. वर प्रेशर नाही, खालच्या नळावरून भरावं लागतं. अर्धीच बादली आण, असं मी काळजीपोटी सांगितलंय. तर म्हणते, मग खेपा दुप्पट होतात. हिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायचीच असते.

७ जानेवारी, बुधवार
पहिला उपचार, ऑफिसातून आल्यावर. कुशीवर निजवलं. कुठं दुखतं विचारलं तर डावीकडे, खाली, बोट ठेवून दाखवलं. निदान: डावा सांधा वर सरकलाय. हलका हात ठेवला. पाच मिनिटांत सुलू गाढ झोपली. उठल्यावर बरं वाटतंय म्हणाली. झकास.

८ जानेवारी, गुरुवार
पाणी भरून आली आणि पुन्हा तेच. निदान बदललं. आता उजवा सांधा खाली सरकलाय.

११ जानेवारी, रविवार
बाहेरची पहिली पेशंट. दुसऱ्या मजल्यावरच्या सुगंधाकाकू सून घेऊन आल्या, जानकी, पाचवा महिना. काकू म्हणाल्या, परक्या बाप्याचा हात सुनेला लागण्याआधी माझ्यावर करून दाखव. टेबलावर चढल्या. घोरायला लागल्या. जानकी स्टुलावर बसून शेंगदाणे खात होती. काकू उठल्या, पाठ मोकळी झाली म्हणाल्या आणि सुनेला घेऊन गेल्या. जानकीची पाठ राहूनच गेली.

१५ जानेवारी, गुरुवार
सुलू म्हणाली, हात ठेवणं राहू दे, चार दिवस पाणी भर. मी शांतपणे समजावलं. ऐन उपचारात बोटं खराब करायची? भांडी आदळत घासायला लागली. पुस्तिकेत आहे, या दिवसांत मूड जातो.

१८ जानेवारी, रविवार
वैताग. काकूंनी मैत्रिणी पाठवल्या. पाच सासवा, एकही गरोदर नाही. दारावरच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, फक्त गरोदर बायकांसाठी. वाचतं कोण. प्रत्येकीचा गुडघा. गरोदर सुना घरी स्वयंपाक करतायत म्हणे. वाट लागली केंद्राची.

२५ जानेवारी, रविवार
डोहाळजेवण. सुलू हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत गोड दिसत होती. ओटी भरून झाली आणि सासूबाईंनी भर बायकांत कंबरेची चौकशी केली. मी सुलूकडे बघितलं. नुसतं हो म्हणायचं होतं. ती म्हणाली, दुखतेय गं आई, मला घेऊन चल. सासूबाईंनी माझ्या हातावर पेढा ठेवला. खाल्ला. फार वाईट वाटलं. संध्याकाळी दोघी गेल्या.

३१ जानेवारी, शनिवार
ऑफिस सुटल्यावर दिंडोशीला गेलो. सुलू ओट्यावर बसून खिदळत होती. कंबर तिसऱ्या दिवशीच दुखायची थांबली म्हणे. बघा! उपचाराचा गुण उशिरा येतो, मी म्हणतच होतो. चल मग घरी, असं म्हटलं तर हसणं थांबलं. पाणी कोण भरतंय, एवढंच विचारलं. मी विषय बदलला.

२ फेब्रुवारी, सोमवार
पिंपातलं पाणी संपलं. सुलू जाताना काठोकाठ भरून गेली होती, आठवडाभर पुरवून पुरवून वापरलं. आज स्वतः उतरलो. चौथ्या खेपेला जिन्यात कंबरेत कळ आली, बादली पालथी. काकूंनी आणि जानकीनं धरून वर आणलं, टेबलावर आडवं केलं. ऑफिस बुडालं. दिवसभर इथंच आहे. स्वतःचा हात तिथं पोचत नाही. डावीकडे, खाली, सुलू बोट ठेवायची अगदी तिथंच. तिची फार आठवण येतेय.
काकूंनी जाताना विचारलं, पोटुशी पोर रोज किती खेपा करायची रे? मी म्हटलं, असतील चारेक. त्यांनी पिंपात डोकावून बघितलं. तळ जेमतेम झाकलाय.