सोडून गेले

सोमवार

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस असं सांगितलं तर तू मुद्दाम चढशील, म्हणून सांगत नाही.

कोर्टातली दुभाष्याची नोकरी छान चालली आहे, पण आज एका शब्दाशी अडले. इथे एका बाईची केस आहे. नवरा-बायको वेगळे झालेत आणि तीन वर्षांची मुलगी कोणाकडे राहायची, ते ठरायचंय. कोर्टाचं काम इंग्रजीत चालतं आणि बाईंना मराठीशिवाय काही येत नाही. त्यांनी जबाबात म्हटलं होतं, "त्या दिवशी मी मुलीला सोडून गेले." माझ्या आधीच्या दुभाष्याने त्याचं इंग्रजी केलं 'अबँडन'. नवऱ्याचा वकील तेवढा एकच शब्द धरून बसलाय. मला तिथे 'लेफ्ट' हवा असं वाटतं. ऑफिसातले म्हणतात, अर्थ तोच, कशाला उकरून काढतेस. गुरुवारी सुनावणी आहे. तू इतकी वर्षं इंग्रजी शिकवलंस, तूच सांग.

तुझी,
बडबडी

मंगळवार

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

डोंगराला 'टॉल' आणि काकाला 'हाय' म्हणणारी मुलगी आज मला असं विचारते, याचा आनंद गुडघ्यापर्यंत पोचला.

अर्थ तोच नाही. 'लेफ्ट' म्हणजे गेली, परत येणार की नाही ते त्यात नाही. 'अबँडन' म्हणजे परत यायचं मनातच नव्हतं. आपलं 'सोडून गेले' दोन्हीकडे चालतं, सगळा घोळ तिथेच आहे.

पण बाईंची दया येते म्हणून मऊ शब्द उचलू नकोस. त्यांच्या मनात काय होतं ते तुलाही ठाऊक नाही. न्यायाधीशांना सरळ सांग की या शब्दाचे दोन अर्थ होतात, आणि बाईंना विचारायची परवानगी माग. उत्तर वाईट आलं तर तेही तितक्याच स्वच्छ आवाजात सांगायचं. तुला जमेल. घाबरल्यावर तू भरभर बोलतेस, तेवढं सांभाळ.

माझी माया गृहीत धरूनच चाल,
आत्या

गुरुवार

ती. आत्यास,
सा. न.

हळू बोलले. नवऱ्याचा वकील उठून म्हणाला की दुभाष्याने बोलायचं असतं, विचारायचं नसतं. न्यायाधीशबाईंनी मला कारण विचारलं. मी म्हटलं की मूळ मराठीत परत येण्याबद्दल काहीच नाही आणि इंग्रजी शब्दात मात्र आहे. त्यांनी चष्मा काढला आणि विचारा म्हणाल्या.

मी बाईंना विचारलं की त्या दिवशी परत यायचं मनात होतं का. त्या म्हणाल्या की लाँड्रीत दुपारची पाळी होती, मुलीला शेजारणीकडे ठेवलं, संध्याकाळी घेऊन आले, आणि परत यायचं नसतं तर एकच दुधाची बाटली कशाला दिली असती, कपड्यांचं गाठोडंच दिलं असतं. मी शब्दन् शब्द सांगितला. शेजारीणही साक्षीला आली होती, तिनेही तेच सांगितलं. जबाबातला शब्द बदलला. मुलगी आईकडेच राहणार आहे, वडील रविवारी येऊन भेटतील.

बाहेर व्हरांड्यात बाईंनी मला गाठलं. आभार मानतील असं वाटलं, तर त्यांनी विचारलं की इतके दिवस ते लोक मला नक्की काय म्हणत होते. मी सांगितलं.  त्या म्हणाल्या की तो शब्द राहू दे, आपला कुठला तो शिकवा. मी सांगितला. मुलीला कडेवर घेऊन, 'लेफ्ट, लेफ्ट' असं पुटपुटत त्या पायऱ्या उतरून गेल्या.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
बडबडी