'मंद आच'वरचा तवा माझा

४ ऑगस्ट, सोमवार
आणि वर तोंड करून दादा म्हणतो, कव्हरवर जागा नाही. त्याच्या बँडची एकुलती एक रेकॉर्ड, 'मंद आच', तीस वर्षांनी पुन्हा निघतेय. गिटारवाल्या दादाचं नाव आहे, ड्रमवाल्याचं आहे, स्टुडिओत कॉफी करणाऱ्याचंसुद्धा आहे. सांबाच्या ठेक्याला सळईने तवा वाजवणाऱ्या सख्ख्या बहिणीचं नाही. तेव्हा मी फ्रॉकात होते, म्हणून काय झालं? सांबाला रॉकची फोडणी माझ्याच तव्याने दिली. आज आमची अख्खी कासा वेर्दे वस्ती नाचते ती माझ्या ठेक्यावर.

६ ऑगस्ट
ठरलं. दादाशी बोलायचं नाही.
संध्याकाळी बोलले. म्हणाला, जुरेमा, तुझा तवा आम्ही शेवटी रेकॉर्डमधून काढून टाकला होता, तू सारखी ठेक्याच्या पुढे पळायचीस. जळतो मेला.
शेजारच्या पोरांनी पुन्हा ते रॅप लावलं. त्यात एक पोरगी सारखी भूक भूक करते. खिडकीतून ओरडले. यांना ठेका म्हणजे काय ते कोण शिकवणार?

८ ऑगस्ट
पुरावा घरातच आहे. माझा नवरा दुर्वालिनो जन्मभर नाचाच्या हॉलमध्ये रेकॉर्डी लावत आला. दुसऱ्या डीजेला गाण्याचा पत्ता लागू नये म्हणून हे लोक मधलं लेबल भिजवून काढतात. यानेही सगळ्या रेकॉर्डी सोलून ठेवल्यात, बटाट्यासारख्या. पण मला माझी कळते. प्रत्येक वाढदिवसाला, लग्नाला तीच लावून पाहुण्यांना सांगते, ऐका, ही मी. उद्या दादाला जेवायला बोलावते.

९ ऑगस्ट, शनिवार
दादाने माझा काळ्या घेवड्याचा, मटणाचा फेजुआडा दोनदा वाढून घेतला. मग मी रेकॉर्ड लावली. तवा सुरू झाला तसा तो चमचा ठेवून हसायला लागला.
"बये, ही आमची नाहीच. हा रिओचा बँड. तवेवाल्याला एवढी दाढी होती."
दुर्वालिनोकडे बघितलं तर तो ताटात बघत होता. म्हणे पहिल्यापासून माहीत होतं.
"तू इतकी खुशीत नाचायचीस, कुठं सांगत बसू?"
सगळी चूक त्या लेबलांची. दोघांनाही कॉफी दिली नाही.

११ ऑगस्ट
दादाने खरी 'मंद आच' पाठवली. दोन्ही बाजू ऐकल्या. तवा नाही. शेवटचं गाणं संपता संपता मागून एक कार्टी कुरकुरते, "संपलं का एकदाचं? मला भूक लागलीय."
दुर्वालिनो म्हणाला, हा आवाज मी झोपेतही ओळखेन.
तेवढ्यात खिडकीतून तीच कार्टी, तेच वाक्य. पोरांचं रॅप, त्यात याच रेकॉर्डीवरून उचललेला तुकडा. पुन्हा पुन्हा. आज ओरडले नाही.

१२ ऑगस्ट
फोनवर माझी जीभ घसरते, म्हणून दादाला सांगायचं ते आधी लिहून ठेवते. तवा राहू दे. 'कुरकुर: जुरेमा' एवढंच छाप. जागा नसेल तर कॉफीवाल्याला काढ. गल्लीतली पोरं तुझी गिटार उचलत नाहीत, मला उचलतात. हो की नाही, शुक्रवारपर्यंत सांग.