न दिलेली साक्ष

बाबा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. होतात तेव्हाही शेवटची दोन वर्षं आपण कामापुरतंच बोलायचो. "जेवलीस?" "हो." एवढंच. आज मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. मी डब्लिनच्या दक्षिणेला, चेरीवूडजवळ एका भाड्याच्या घरात राहते. करोनामुळे ऑफिस बंद, त्यामुळे वर्षभर स्वयंपाकघरातलं टेबल हेच माझं ऑफिस. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी आहे, पण मला जायचं तरी कुठं होतं म्हणा. वरच्या खोलीत हैतीची एक बाई राहते, माझ्याच वयाची. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करते. मागच्या हिवाळ्यात तिचे किती तरी म्हातारे गेले. घरी आली की कोट न काढताच रेडिएटरला टेकून उभी राहायची. कशी आहेस विचारलं की इथल्यासारखंच म्हणायची, "ग्रँड," म्हणजे मजेत.

एकदा मी भाताची पेज गाळत होते, तर ती बघतच राहिली. "माझी आईही असंच करते," म्हणाली. मग कळलं की तिचं गाव भाताच्या खोऱ्यातलं. बांध्या, धुरे, रोवणी, सगळं आपल्या भंडाऱ्यासारखं. तिचा मोठा भाऊ नहराचं गेट उघडतो, कुणाच्या शेताला किती पाणी जायचं ते बघतो. मी उडालेच. "माझे बाबा नहरावरच नोकरीला होते!" मग आम्ही दोघींनी बिलाच्या पाकिटावर आपापल्या गावची गेटं काढून दाखवली. त्या वर्षात एवढं हसल्याचं दुसरं आठवत नाही.

तिच्या खोऱ्यात एक टोळी शिरली होती. आधी त्यांनी रस्त्यावर दोर बांधला. बाजाराला तांदूळ नेणाऱ्या बायांना अडवायचं, पोती उतरवून घ्यायची, एखादीला ओढून न्यायचं. मग पोलीस चौकी जाळली. पोलीस गेले ते परत आलेच नाहीत. पुढं त्यांनी नहराचं गेटच ताब्यात घेतलं. एका म्हाताऱ्यानं आणि त्याच्या सुनेनं पाण्यावरून हुज्जत घातली, तर सगळ्यांसमोर दोघांना गोळ्या घातल्या. तिचा भाऊ दहा पावलांवर होता. मारणाऱ्यांतल्या दोघांना त्यानंच कधीकाळी नहरात पोहायला शिकवलं होतं.

राजधानीतला एक वकील साक्षी गोळा करत होता. साक्ष नावासकट द्यावी लागणार होती. भावानं आवाजी निरोप पाठवला. तिनं तो टेबलावर लावला आणि मला समजावून सांगितला. "आई नको म्हणते. गावात कुणी तोंड उघडत नाही. तू सांग, देऊ का?" फोन पालथा ठेवून ती मला म्हणाली, "तुझ्या बाबांवर असं कधी आलं होतं का?"

आलं होतं. तुम्हाला वाटायचं मला काही कळलं नाही. मी दहावीत आहे. रेतीवाल्यांचे ट्रक नहराच्या पाळीवरून जातात, पाळ खचते, म्हणून तुमच्या हाताखालचा चौकीदार वाटेत साखळी लावतो. एका दुपारी तुम्ही घरी येता, आणि पँट गुडघ्यापासून खाली रक्तानं भरलेली. आई ती चुलीत घालते. तिसऱ्या दिवशी चौकीदाराच्या खुनाची चौकशी करायला फौजदार येतो. मी आतल्या दाराशी उभी आहे. "साहेब, मी त्या दिवशी तालुक्याला गेलो होतो," तुम्ही म्हणता. आवाज अगदी रोजचा. चौकीदाराची बायको आपल्याकडे ताक न्यायला यायची, ती नंतर कधीच आली नाही. मी तुम्हाला भित्रा म्हटलं. तुम्ही मारलं नाही, ओरडला नाहीत. एवढंच म्हणालात, "तुला दोन बहिणी आहेत, ते विसरू नकोस." मी बोलणंच सोडलं.

आणि त्या बाईला मी काय सांगितलं माहितेय? "हो. माझ्या बाबांनी डोळ्यांनी खून बघितला होता. कोर्टात उभं राहून नावं घेतली त्यांनी."

"मग?"

"मग काही नाही. ते लोक आत गेले. आम्हाला कुणी हात लावला नाही."

तिनं ते तसंच भावाला कळवलं. मला शब्द कळत नव्हते, पण 'पापा' ऐकू आलं. भावानं साक्ष दिली.

तीन आठवड्यांनी, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते तेव्हा जिन्यावर काहीतरी पडल्याचा आवाज आला. ती पायरीवर बसली होती, फोन खाली. त्यांनी त्याला घरातून नेलं, गेटपाशी मारलं आणि प्रेत उचलू दिलं नाही. तिची आई शेजाऱ्यांबरोबर दोन दिवस चालत डोंगरापलीकडच्या गावात पोचली. विमानं बंद होती. चालू असती तरी टोळीच्या ताब्यातल्या त्या गावात ती जाऊ शकली नसती. मी तिच्या शेजारी बसले. ती मला धरून म्हणाली, "तो खरं बोलला. तुझ्या बाबांसारखा." मी तिचा हात धरून ठेवला.

तेव्हापासून रोज ठरवते, सांगून टाकू. ती कामावरून येते, माझ्यासाठीही चहा करते, आणि मी लॅपटॉपवर डोळे लावते. वकिलाचं म्हणे काही पुढं सरकलेलं नाही. भावाकडून पोहायला शिकलेले ते दोघं अजून गेटवर बसतात.

खोटं मी तिला धीर यावा म्हणून बोलले, असं स्वतःला खूप वेळा सांगितलं. ते खरं नाही. मला एकदा तरी कुणाला तरी तसे बाबा सांगायचे होते. त्यासाठी दुसऱ्याचा भाऊ गेला.

आणि एक. त्या दिवशी फौजदाराची जीप फाटकाबाहेर गेली, तेव्हा दाराआड मलाही हायसं वाटलं होतं, बाबा. तुम्हाला भित्रा मी त्यानंतर म्हणाले.